लोशनच्या बाटलीमागचं झाड

‘शिया बटर’ हे शब्द आपल्या बाथरूममध्ये इतके रुळलेत, की त्यामागे एखादं झाड असेल हे डोक्यातही येत नाही. मला ते झाड जवळचं वाटतं ते नात्यागोत्यामुळे. शिया आपल्या मोहाच्या आणि चिकूच्या कुळातला. फळातली चकचकीत तपकिरी बी पाहिली की चिकूच्या बीची थोरली बहीण वाटते.

सेनेगलपासून युगांडापर्यंतच्या सव्हाना पट्ट्यात हे झाड सहसा कुणी लावत नाही. शेत साफ करताना ते तोडायचं नाही, एवढंच पाळतात. फळ धरायलाच पंधरा-वीस वर्षं लागतात, म्हणजे आज बिया वेचणारी बाई आजोबांनी न तोडलेल्या झाडाखाली उभी असते.

फळं पडतात ती पेरणीच्या पावसाळ्यात, घरातलं धान्य संपत आलेलं असताना. बायका पहाटेच बाहेर पडतात. गवतात सापांची भीती असतेच. गर खायचा, बिया उकळून वाळवायच्या, फोडायच्या, भाजायच्या, कुटायच्या. मग दळून झालेला चॉकलेटी लगदा पाण्यात हातांनी घुसळायचा. खांदे भरून येईपर्यंत. हळूहळू तो फिकट होतो आणि लोण्यासारखा फेस वर तरंगतो. तो कढवला की तूप तयार. ताक घुसळणाऱ्या घरातल्या कुणालाही हे समजावं लागणार नाही.

याच तुपात जेवण शिजतं, यानेच बाळाला मालीश होतं. नोव्हेंबर ते मार्च सहाराकडून येणारा हरमाटान वारा कातडी फाडतो, तेव्हा अंगाला हेच. मुरगळलेल्या पायालाही हेच. साल उकळून पोट बिघडल्यावर देतात, पानांची वाफ डोकेदुखीवर घेतात. त्यातलं सगळं गुणकारी असेलच असं नाही, पण ओठांवरच्या भेगांना मात्र कुठल्या पुराव्याची गरज पडत नाही. झाडाच्या चिकाने फुटलेले ढोलसुद्धा सांधतात. उरलेला चोथा चुलीत जातो.

आमच्या आजीकडे टाचांच्या भेगांसाठी भिरंडेल असायचं, कोकमाच्या बियांचं. ते आणि शिया पुढे एकाच यादीत भेटतात, ही गंमत मला फार आवडते. युरोपियन युनियनच्या २००० सालच्या नियमानुसार चॉकलेटमध्ये कोकोखेरीज पाच टक्क्यांपर्यंत सहा वनस्पती-स्निग्ध पदार्थ चालतात. त्यांत शिया आहे, कोकम आहे, साल वृक्षाचं आणि आंब्याच्या कोयीचं तेलही आहे. निर्यात होणाऱ्या शियाचा मोठा वाटा लोशनमध्ये नाही, खाण्यात जातो.

आणि तरीही झाडं तुटतायत. लाकूड टणक, कोळसा उत्तम होतो. बियांचे पैसे वर्षातून एकदाच येतात. कोळशाचं पोतं उद्याच विकलं जातं. २०२३ मध्ये युगांडाच्या राष्ट्राध्यक्षांनी देशाच्या उत्तर भागात विक्रीसाठी कोळसा पाडण्यावर बंदी घातली. तिथे याच शियाची झाडं आहेत. पण बहुतेक गावांत बिया वेचायचा हक्क बाईचा असतो आणि जमीन पुरुषाच्या नावावर. कुऱ्हाड चालवायची की नाही, हे तिला कुणी विचारत नाही.