अब्बांचा पुडा

माझ्या मुली लहान असताना अब्बा पिरंगुटहून घोटावड्याला येताना मक्याच्या तिकोनी चिप्सचा पुडा आणायचे. बनवणारे इथलेच, छोटे. पुढे त्यांचं काम बंद पडलं. आता अब्बा बरंच विसरतात, पण रमजानमध्ये दस्तरखानावर बसले की तोच पुडा मागतात. मोठ्या कंपनीचा आणला, तर एक चिप खाऊन बाजूला सारला. १९९३ साली पार्लेने कोका-कोलाला विकल्यावर आपलं गोल्ड स्पॉटही असंच दुकानांतून गेलं. फँटा आला, पण ती चव आली नाही.

शेवटी घरीच करून पाहिलं. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवून दळतात, म्हणून त्याचं पीठ धरून राहतं. आपलं मक्याचं पीठ लाटताना तुटतं. त्यात निम्मी कणीक, ओवा, मीठ घालून गरम पाण्याने मळलं. पातळ लाटलं, काट्याने टोचलं, तिकोनी कापून मंद आचेवर तळलं.

मगरिबची अजान झाली. अब्बांनी खजूर खाल्ला, मग एक चिप उचलली.

“मीठ कमी आहे,” ते म्हणाले.

त्या पुड्यालाही ते दरवेळी हेच म्हणायचे. मग पूर्वीसारखीच त्यांनी बशी नातींकडे सरकवली.