कालनिर्णय आणि बेचाळीस किलोमीटर

परदेशातली मॅरेथॉन निवडायची म्हणजे आधी एक्सेल शीट उघडायची, हे आम्हा आयटीवाल्यांचं ठरलेलं. मीही उघडली. शहर, तारीख, चढ-उतार, तापमान, एन्ट्री, व्हिसा, विमान... दोन शनिवार त्यात गेले. मग आईने फोनवर एकच विचारलं, "दिवाळीत नाय ना रे ते?" तो कॉलम शीटमध्ये घातला आणि अर्धी शीट रिकामी झाली!

नवीन वाचकांसाठी : मी कर्जतचा. लोकल जिथे संपते ते कर्जत नव्हे, ते रायगडातलं. आमचं अहिल्यानगर जिल्ह्यातलं (२०२४ पर्यंत अहमदनगर), गोदड महाराजांचं. गावात रेल्वे स्टेशनच नाही. हे वाक्य मी नोकरीत किती वेळा बोललोय त्याचा हिशोब ठेवलेला नाही.

तर, शरद ऋतूतलीच मॅरेथॉन का? ज्यांनी मुंबईची फुल पळून बघितलीय त्यांना सांगायला नको. जानेवारी म्हणायला थंडीचा, पण परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ येतो तेव्हा सूर्य डोक्यावर आणि अंगातलं मीठ चेहऱ्यावर असतं. युरोप-अमेरिकेत सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर मध्य हा पळायचा खरा हंगाम. हवा गार, उकाडा नाही. अर्थात त्याचीही खात्री नाही. २००७ साली शिकागोत इतकं तापलं की शर्यत मध्येच थांबवावी लागली होती.

आता कालनिर्णय. यंदा, म्हणजे २०२६ ला, अधिक ज्येष्ठ आल्यामुळे सगळे सण लांबलेत. बर्लिन २७ सप्टेंबरला. सपाट रस्ता, किपचोगेने २०२२ ला २:०१:०९ मारला तोच. २५ ला अनंत चतुर्दशी, लगेच पितृपक्ष. आजोबांना जाऊन अजून वर्ष व्हायचंय, त्यामुळे घरात यंदाचं पित्र म्हणजे साधी गोष्ट नाही. शिवाय बर्लिनची सोडत मागच्या वर्षीच होऊन गेलेली. सोडला विषय. शिकागो ११ ऑक्टोबर : घटस्थापना. ॲमस्टरडॅम १८ ऑक्टोबर : नवरात्र संपायचंय, आईचा नऊ दिवसांचा उपास, रोज राशीनच्या देवीचं नाव. त्यात मी तिकडे चीज खात फोटो टाकणार? नको.

सगळ्यात जीवावर आलं ते अथेन्स सोडताना. खुद्द मॅरेथॉन गावातून निघायचं आणि १८९६ च्या ऑलिंपिकच्या संगमरवरी स्टेडियममध्ये संपवायचं. पाणी वाहणारा स्पिरिडॉन लुईस ज्या वाटेने जिंकला तीच वाट. दहाव्या किलोमीटरनंतर एकतिसाव्यापर्यंत बहुतेक चढच, पण त्याचं काही नाही. तारीख ८ नोव्हेंबर. लक्ष्मीपूजन! लक्ष्मीपूजनाला मी ग्रीसमध्ये टेकडी चढतोय, हे आईला सांगायची आपली टाप नाही.

दसरा २० ऑक्टोबरला, दिवाळी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्याअखेर. या फटीत दोनच रविवार बसतात. १ नोव्हेंबरला न्यूयॉर्क आणि २५ ऑक्टोबरला फ्रँकफर्ट.

आता सरावाचं. शरदातल्या शर्यतीसाठी लांब पल्ले जुलै ते सप्टेंबर पळावे लागतात. पुण्यात तेव्हा बूट वाळत नाहीत. कर्जत पर्जन्यछायेत, त्यामुळे पावसाळ्यात शनिवारी भिगवण-राशीनमार्गे घरी आलं की रविवार कोरडा मिळायची शक्यता बरी असते. (अण्णांना यात आनंद वाटत नाही हे उघड आहे.) पहाटे रेहेकुरीच्या रस्त्याला लागायचं. तिथलं काळवीट अभयारण्य १९८० चं, जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचं. एखाद्या दिवशी कळप दिसतो, आणि आपला पेस काय लायकीचा आहे ते कळतं :)

त्या रस्त्यावर आणखी पोरं पळत असतात, पण ती पोलीस भरतीची. सोळाशे मीटर, शंभर मीटर, गोळा. घड्याळ धरून कुणीतरी कडेला उभा. मला विचारतात, "दादा, कुठली भरती?" मी म्हणतो, असंच. मग ते जरा दयेने बघतात. आमच्याकडे पळणं म्हणजे नोकरी. शेजारच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळेसुद्धा सैन्यात गेल्यावरच पुढे आला, आणि २०२० ला दिल्लीत हाफ मॅरेथॉन १:००:३० मध्ये पळला. स्वतःचे पैसे भरून पळायचं, तेही परदेशात जाऊन, ही कल्पना तिथे उभं राहून समजावता येत नाही. मी प्रयत्न सोडून दिलाय.

अण्णांना मात्र समजावणं भाग होतं. त्यांचा प्रश्न सरळ : "पळायला तिकडं कशाला जायचं? रस्ते हितं न्हाईत का?" मी त्यांना फडेप्पा चौगुल्यांची गोष्ट सांगितली. बेळगावचे. १९१९ ला पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर खेळांच्या शर्यती झाल्या. पळणारे बरेचसे शेतकरी घरातले, अनवाणी. दोराबजी टाटांनी ते बघितलं, मनावर घेतलं, आणि १९२० ला हिंदुस्थानचा छोटासा संघ बोटीने अँटवर्पच्या ऑलिंपिकला गेला. मॅरेथॉनला दोघे, चौगुले आणि सदाशिव दातार. त्या वर्षीचं अंतरही नेहमीपेक्षा जास्त, ४२.७५ किलोमीटर. दातारांना शर्यत पुरी करता आली नाही. चौगुले दोन तास पन्नास मिनिटांत एकोणिसावे आले. आज माझ्याकडे जीपीएस आहे, जेल आहेत, कार्बन प्लेटचे बूट आहेत, आणि मुंबईतला माझा टाइम आहे ४:३८.

अण्णांनी सगळं नीट ऐकलं. म्हणाले, "त्यांना टाटांनी नेलं. तुला कोण नेतंय?"

आली का गाडी पैशावर! माझ्या शीटमधला न्यूयॉर्कचा आकडा आणि शेततळ्याच्या कागदाचं कोटेशन जवळपास सारखं होतं. आमचं रान कुकडीच्या कालव्याच्या शेपटाला. आवर्तन सुटलं तरी आमच्यापर्यंत येईस्तोवर किती उरतं ते कर्जत-करमाळ्याच्या माणसाला विचारा. तळं खोदून दोन वर्षं झाली, कागदाशिवाय पाणी मुरून जातं. अण्णांनी मागितले नव्हते. कोटेशन फक्त टीव्हीवर ठेवलेलं, मी बघीन असं.

पुण्यातले मित्र म्हणतात, स्वतःच्या कमाईवर कसला गिल्ट? मला हा हिशोब तितका सोपा वाटत नाही. माझी इंजिनिअरिंगची फी याच रानातल्या ज्वारी-कांद्यातून गेली, तेव्हा तळ्याचा विषय कुणी काढला नव्हता. बोनस आला तो कागदाला गेला. उरलं त्यात न्यूयॉर्क बसत नव्हतं. तसंही तिथे सोडत, आणि पहिल्यांदाच अमेरिकेचा व्हिसा काढणाऱ्याला मुलाखतीची तारीख कधी मिळेल तो वेगळाच खेळ.

म्हणून फ्रँकफर्ट. सोडत नाही, पैसे भरा आणि पळा. जवळपास सपाट. २०११ ला विल्सन किपसांग तिथे २:०३:४२ पळला, विश्वविक्रमाला चार सेकंद कमी पडले. शेवट उघड्यावर नाही, फेस्टहाले नावाच्या भल्यामोठ्या हॉलमध्ये, लाल गालिच्यावर. आणि सगळ्यात भारी म्हणजे युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे करतात, तर त्याच रात्री एक तास जादा झोप! मुंबईहून थेट विमान. शेंगेनचा व्हिसा प्रवासाच्या सहा महिने आधीपासून भरता येतो, फी नव्वद युरो. दहा दिवसांऐवजी पाचच दिवस, हॉटेलऐवजी हॉस्टेलचा बेड. म्युझियम वगैरे पुढच्या जन्मी.

एन्ट्री परवा भरली. आईने कालनिर्णयवर २५ तारखेला पेनाने गोल केलाय आणि खाली "पळणे" लिहिलंय. ज्वारीची पेरणी हस्तात उरकली तर अण्णा मुंबईपर्यंत सोडायला येणार आहेत म्हणे. त्यांना विमानतळ बघायचंय.