छोटा प्रेस्पा : तीन देशांच्या कुशीतला उथळ तलाव

ग्रीस, अल्बेनिया आणि उत्तर मॅसेडोनिया हे तीन देश जिथे एकमेकांना भिडतात, तिथे डोंगरांच्या मधोमध दोन तलाव आहेत. समुद्रसपाटीपासून सुमारे 850 मीटर उंचीवर. मोठा प्रेस्पा तिन्ही देशांत वाटलेला आहे. वाळूच्या एका अरुंद पट्ट्यापलीकडे, दक्षिणेला छोटा प्रेस्पा. तो बहुतेक ग्रीसमध्ये, आणि शेपटाएवढा तुकडा अल्बेनियात. प्रवासी मोठ्याकडे जातात; आम्हाला ओढ होती छोट्याची. क्षेत्रफळ जेमतेम 47 चौरस किलोमीटर, आणि सर्वात खोल जागी पाणी आठ-साडेआठ मीटर. आपल्याकडच्या कितीतरी विहिरी याहून खोल असतील.

आम्ही मॅसेडोनियातल्या रेसेन गावाहून निघालो. सफरचंदांच्या बागांचे हे गाव. इथल्या अहमद नियाझी बे यांनी 1908 साली सुलतानाविरुद्ध बंडाचा झेंडा उभारला होता. त्यांचा फ्रेंच थाटाचा वाडा अजून गावात उभा आहे. तेव्हा हा सगळा मुलूख एकाच उस्मानी सल्तनतीत होता आणि कोळ्याला या काठावरून त्या काठावर जायला कुणाला विचारावे लागत नव्हते. 1912-13 च्या बाल्कन युद्धांनंतर इथे सरहद्दी आल्या. आता काठाकाठाने ग्रीसमध्ये जायचे म्हटले तर अंतर थोडेच, पण आम्ही गेलो तेव्हा तो रस्ता बंदच होता. बितोला, मग सरहद्दीची चौकी, मग फ्लोरिना, मग घाट, असा शंभर किलोमीटरचा वळसा घालून त्याच पाण्यापाशी पोहोचलो. मुलांनी खिडकीतून पाहिले, तर डोंगर तेच.

छोट्या प्रेस्पातल्या आगिओस अखिलिओस बेटावर जायला तरंगता पूल आहे. त्यावरून चालताना दोन्ही बाजूंना बोरू दिसतो, माणसाच्या डोक्याच्या वर गेलेला. हो, तोच बोरू, ज्याची कलम तासून आपल्या वडीलधाऱ्यांनी हरफ गिरवले. बेटावर दहाव्या शतकाच्या अखेरीस झार सॅम्युएलने बांधलेल्या चर्चच्या भिंती आहेत. त्या पाहण्यासारख्या आहेतच, पण आमचे लक्ष पाण्याकडे होते. तिथे पेलिकन, म्हणजे आपले झोळीवाले, होड्यांच्या तांड्यासारखे चालले होते.

हे डाल्मेशियन पेलिकन. पंख पसरले तर तीन मीटर भरतात. याच जातीचे पक्षी हिवाळ्यात आपल्या गुजरातच्या किनाऱ्यावर येतात, पण ते मध्य आशियातून; प्रेस्पाचे पक्षी फार दूर जात नाहीत. जानेवारीच्या अखेरीपासूनच ते इथे परतू लागतात आणि बोरूच्या बेटांवर घरटी करतात. चारी बाजूंनी पाणी असले की कोल्हा पोहोचत नाही, सगळी मदार त्यावर. 1980 च्या दशकात इथे त्यांच्या शे-दोनशे जोड्या होत्या. त्यांना जपले गेले, त्रास देणे थांबले, आणि ही त्यांची जगातली सर्वात मोठी वसाहत झाली. चौदाशेच्या आसपास जोड्या. मग 2022 च्या उन्हाळ्याआधी बर्ड फ्लू आला आणि काही आठवड्यांत 1,700 हून अधिक पेलिकन मेले. एवढे सगळे एकाच ठिकाणी जमा असणे किती धोक्याचे, ते तेव्हा कळले.

उथळ तलावाचा जीव मधल्या पाण्यात कमी आणि काठावर जास्त. वसंतात बर्फ वितळते, पाणी थोडे चढते आणि काठचे गवत बुडते. त्या वीतभर कोमट पाण्यात मासे अंडी घालतात, बेडूक वाढतात, बगळे-ढोक तिथेच चरतात. हे गवत टिकायचे तर बोरूला आवर हवा. पूर्वी गावकरी तो छपरासाठी आणि चाऱ्यासाठी कापत, गुरे तिथे चरत. 1946 ते 1949 च्या ग्रीक यादवी युद्धाने गावे ओस पडली. माणसे गेली, गुरे गेली, बोरू पुढे सरकत राहिला आणि ओली कुरणे त्याखाली गेली. माणूस निघून गेला की निसर्ग आपोआप सुधारतो असे आपण सहज म्हणतो. इथे तसे झाले नाही.

मग 1990 च्या दशकात म्हशी आणल्या गेल्या. आपल्या म्हशींसारख्याच, काळ्या आणि बेफिकीर. त्या पाण्यात शिरून बोरूचे कोवळे कोंब खातात, जिथे गायीचा पाय पडत नाही तिथेही. सोबतीला कापणीही होते. इतक्या लांब येऊन आमच्या घरच्यांनी सर्वात जास्त फोटो काढले ते म्हशींचे! कोकणात रोज गोठ्यात दिसतात, तिथे कुणी मोबाईल बाहेर काढत नाही.

वाळूच्या पट्ट्यात कूला नावाच्या जागी दरवाजाचा लहानसा बांध आहे. छोट्या प्रेस्पाचे जास्तीचे पाणी तिथून मोठ्यात जाते. 2004 मध्ये तो नव्याने बांधला, तेव्हापासून कुरणे कधी आणि किती बुडावीत हे ठरवता येते. मोठ्या प्रेस्पाला असा दरवाजा नाही. त्याचे पाणी गालिचित्सा डोंगराच्या चुनखडीतून झिरपते आणि दीडशे मीटर खाली ओह्रिड तलावाच्या काठी झऱ्यांतून वर येते. त्यात पाऊस-बर्फ कमी आणि बागांसाठी उपसा. 1980 च्या दशकापासून त्याची पातळी कित्येक मीटर उतरली आहे. जुन्या काठापासून पाणी किती मागे गेले ते नुसत्या डोळ्यांना दिसते.

तिन्ही देशांच्या पंतप्रधानांनी 2 फेब्रुवारी 2000 रोजी प्रेस्पाचे सामायिक उद्यान जाहीर केले आणि 2010 मध्ये करारही झाला. पण सामायिक म्हणजे काय, ते शेपटाकडच्या टोकाला जाऊन पाहावे. क्रिस्टालोपिगीची सरहद्द ओलांडून आम्ही अल्बेनियातल्या त्रेन गावापाशी गेलो. 1970 च्या दशकात इथे देवोल नदी तलावात वळवली होती. हिवाळ्यात तिचे पाणी साठवायचे आणि उन्हाळ्यात कोर्चाच्या शेतीला द्यायचे, असा बेत. पाण्याबरोबर नदीचा गाळही आला आणि वर्षानुवर्षे साचत गेला. उथळ तलावाला गाळ पचत नाही. आता नदी तलावात येत नाही, पण गाळ तिथेच आहे आणि त्यावर बोरू.

रस्त्याकडेला एक म्हातारे गृहस्थ बसले होते. आम्ही सलाम केला, त्यांनी उजवा हात छातीवर ठेवला. तलाव कुठून दिसेल, असे आमच्या ड्रायव्हरने त्यांना विचारले. त्यांनी हाताने समोरचे हिरवे रान दाखवले, आणि मग म्हणाले, पाणी पाहायचे असेल तर होडीने बरेच आत जावे लागेल.