आठ घरांची इमारत

आपल्या मराठी घरांत लग्नावर होत नाही इतकी चर्चा घर घेण्यावर होते. आणि गाव बुऱ्हाणपूरसारखं असेल तर तिसऱ्या गल्लीतले काकाही आपलं मत देऊन जातात. आई-बाबांसाठी लोधीपुऱ्यात फ्लॅट बघायला लागलो तेव्हा पहिलं मत हेच आलं, "बुऱ्हाणपुरात फ्लॅट कोण घेतं? प्लॉट घ्या, बांधा, वर गच्ची आपली, खाली अंगण आपलं."

हे मत देणाऱ्यांत बाबा सगळ्यांत पुढे होते.

ज्या तरुण वाचकांना बुऱ्हाणपूर फक्त मावा जिलेबीमुळे किंवा 1631 साली मुमताजमहल इथे वारली म्हणून माहीत आहे, त्यांच्यासाठी थोडं सांगते. तापीकाठचं हे शहर फारुकी सुलतानांच्या काळी खानदेशची राजधानी होतं. आज ते मध्य प्रदेशात आहे, 2003 पासून स्वतंत्र जिल्हा आहे, आणि भुसावळहून खंडव्याकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की लागतं. इथल्या मराठी घरांत बोलणं मराठीत आणि कागदपत्रं हिंदीत. त्यामुळे महाराष्ट्रातले नातेवाईक 'सातबारा बघितला का?' विचारतात, तेव्हा आपण 'खसरा आणि बी-1 बघितला' असं उत्तर देतो, आणि दोन्हीकडचे लोक गोंधळतात.

लोधीपुरा शहराच्या कडेला आहे. दाऊदी बोहरा समाजाची दरगाह-ए-हकीमी इथेच. देशोदेशींचे यात्रेकरू तिथे येतात. आई-बाबांचं घर मात्र शहराच्या आत, जुन्या वस्तीत. उंच जिने, मागे न्हाणीघर, पावसाळ्यात गळणारं पत्र्याचं छप्पर. बाबांचे गुडघे आणि ते जिने यांचं जमेना. मी इंदूरला, भाऊ पुण्याला. नवं घर बांधायचं तर वर्षभर गवंड्यामागे उभं कोण राहणार? शेवटी पार्किंगवर चार मजले, मजल्याला दोन घरं, अशी आठ घरांची इमारत बघितली. आईला पहिल्या मजल्यावरचं घर आवडलं. बाबांना काहीच आवडलं नाही, पण लिफ्टमध्ये ते दोनदा वर-खाली जाऊन आले, हे मी बघून ठेवलं.

बिल्डरने पहिल्याच भेटीत सांगितलं, "मॅडम, छोटी बिल्डिंग है, इसमें रेरा-वेरा का झंझट नहीं." त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि म्हणूनच ते नीट समजून घेणं भाग होतं. 2016 च्या केंद्रीय रेरा कायद्यात एक सूट आहे. विकसित होणारी जमीन 500 चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल, किंवा सगळे टप्पे मिळून आठपेक्षा जास्त फ्लॅट नसतील, तर त्या प्रकल्पाला नोंदणीची सक्ती नाही. 500 चौरस मीटर म्हणजे साधारण 5,380 चौरस फूट. आपल्या छोट्या शहरांतल्या बहुतेक छोट्या इमारती याच मापात बसतात.

नोंदणी नाही म्हणजे इमारत बेकायदा, असं अजिबात नाही. पण नोंदलेल्या प्रकल्पाची जी माहिती घरबसल्या रेराच्या वेबसाइटवर वाचता येते, म्हणजे मंजूर नकाशा, जमिनीची मालकी, काम कुठवर आलं, ती इथे कुठेच मिळत नाही. जे काम मोठ्या प्रकल्पात सरकारी यंत्रणा थोडंफार करते, ते इथे घेणाऱ्याने स्वतः करायचं. बिल्डरला जो 'झंझट' वाटत होता, तो झंझट आता आमच्याकडे आला होता, एवढंच.

मग आम्ही वही काढली. जे विचारलं ते इथे लिहिते, कारण उद्या तुमच्यापैकी कोणीतरी आई-बाबांसाठी गावाकडे असंच घर बघत असणार.

पहिला प्रश्न जमिनीचा. शहराच्या कडेला कालपर्यंत केळी नाहीतर कापूस असतो. शेतीच्या जमिनीचं डायव्हर्शन झालं आहे का? खसऱ्यात नाव कोणाचं? नकाशा मंजूर कोणी केला, नगर निगमने की पंचायतीने, आणि तो अधिकार त्यांचा होता का? वकिलाकडून मागच्या तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढून घेतला. शिवाय थोडं कर्जही घेतलं. पैशांची तशी गरज नव्हती, पण त्या निमित्ताने बँकेचा वकीलही कागद वाचतो. बँकेचा होकार म्हणजे हमी नव्हे, पण आणखी दोन डोळे फुकटात मिळतात.

दुसरा प्रश्न मापाचा. जाहिरातीत 'सुपर बिल्ट-अप' असतो, त्यात जिना, लिफ्ट, भिंती सगळं येतं. आम्ही कार्पेट एरिया मागितला. रेरा कायद्याप्रमाणे त्यात घरातल्या आतल्या भिंती धरतात, पण बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरत नाहीत. नोंदणी नसली तरी माप त्याच हिशेबाने मागायला कोणाची ना आहे? टेप घेऊन बाबांनी स्वतः खोल्या मोजल्या. मुलीच्या घराचा विरोध करणारा माणूस इतक्या बारकाईने कोपरे मोजत नाही, हे आईने माझ्या कानात सांगितलं.

तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, आणि तोच सहसा कोणी विचारत नाही. आपण नक्की काय विकत घेतो आहोत? महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी गृहनिर्माण सोसायटी असते. जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर होते आणि आपण तिचे सभासद असतो. मध्य प्रदेशात 'प्रकोष्ठ स्वामित्व अधिनियम, 2000' आहे. प्रकोष्ठ म्हणजे आपला फ्लॅट. महाराष्ट्रातही 1970 चा अपार्टमेंट ओनरशिप कायदा याच धर्तीचा आहे. यात फ्लॅट थेट आपल्या मालकीचा, आणि त्यासोबत जमीन, जिना, गच्ची, पाण्याची टाकी यांत आपला अविभक्त हिस्सा. समजा प्लॉट 4,000 चौरस फुटांचा आणि आठ सारखी घरं, तर प्रत्येकाच्या वाट्याला 500 चौरस फूट जमीन. पण ती कुठली, हे बोट ठेवून दाखवता येत नाही. पन्नास वर्षांनी भिंती पडतील, फरशी उखडेल, तेव्हा किंमत राहणार ती या हिश्श्याची. म्हणून रजिस्ट्रीच्या मसुद्यात तो हिस्सा आकड्यात लिहिला आहे का, ते बघायचं.

आम्ही मसुदा मागवला. हिस्सा लिहिलेला होता. पण सातव्या पानावर एक ओळ होती, छतावर पुढे बांधकाम करण्याचा अधिकार विक्रेत्याकडे राहील. म्हणजे उद्या पाचवा मजला चढला तर आमचा आठवा हिस्सा दहावा होणार, पायावर वजन वाढणार, आणि आम्हाला विचारणारं कोणी नाही. पार्किंगमधल्या दोन जागाही वेगळ्या विकायच्या म्हणून राखून ठेवल्या होत्या. मुंबईच्या दहिसरमधल्या पांचाली सोसायटीचा असाच वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. इमारतीखालची पार्किंगची जागा म्हणजे स्वतंत्र फ्लॅट नव्हे, बिल्डरला ती वेगळी विकता येणार नाही, असा निकाल 2010 मध्ये लागला. तो महाराष्ट्राच्या कायद्याखालचा निकाल, पण सामाईक जागा सगळ्यांची, हे तत्त्व समजायला आपल्याला तेवढं पुरतं.

बिल्डर म्हणाला, ही ओळ सगळ्यांच्याच मसुद्यात आहे, बाकी कोणाची हरकत नाही. आता करायचं काय? घर सोडायचं, की सही करायची?

तोडगा आईने काढला. ती म्हणाली, "बाकीच्यांची हरकत नाही हे तो सांगतो. त्यांना कोणी विचारलं?"

मग आम्ही त्या सात घरांचा शोध घेतला. रावेरकडचं एक शेतकरी कुटुंब मुलांच्या शाळेसाठी घर घेत होतं. दरगाहजवळ राहायचं म्हणून एक बोहरा जोडपं येणार होतं. एक गुजराती व्यापारी, एक निवृत्त बँकवाले, एक शिक्षिका. दोन घरं अजून विकायची होती. एका रविवारी सगळे त्या अर्ध्या पार्किंगमध्ये जमलो. बसायला सिमेंटच्या गोण्या. बहुतेकांनी सातवं पान वाचलंच नव्हतं. बोहरा चाचांनी चष्मा लावून ओळ दोनदा वाचली आणि म्हणाले, "छत तो सबकी होती है, भाई. बारिश किसी एक पर थोड़े गिरती है." बास, चर्चा तिथेच संपली. पाच कुटुंबं एकदम बिल्डरकडे गेलो. तो चिडला, दोन आठवडे फोन उचलला नाही, आणि मग नवा मसुदा आला. ती ओळ नव्हती. पार्किंग सामाईक लिहिलं होतं.

एकटी मी किती कायदे पाठ करून गेले असते तरी हे झालं नसतं. मोठ्या टॉवरमध्ये दोनशे घरं असतात, संघटना असते, वकील असतो. आठ घरांत जे काही आहे ते ही आठ माणसं. हाच छोट्या इमारतीचा धोका, आणि तिचं बळही हेच.

राहायला गेल्यावर हे रोज कळतं. समजा पंप जळाला, खर्च 24,000. आठांनी दिले तर 3,000 प्रत्येकी. दोन घरं कुलूपबंद आणि मालक परगावी, मग सहांवर 4,000. दोनशे घरांत एकाने पैसे बुडवले तर कोणाला कळतही नाही. इथे एकाने हात वर केला की आठवा भाग गेला. म्हणून पहिल्याच महिन्यात सगळ्यांनी मिळून संघ केला, बँकेत खातं उघडलं आणि दरमहा थोडी रक्कम दुरुस्तीसाठी वेगळी ठेवायला सुरुवात केली. हिशेबाची वही कोणाकडे असेल? बाबांकडे. जिन्यातला दिवा रात्रभर चालू राहिला तर आता तेच सगळ्यांना बोलतात.

सामाईक पाण्याचं बुऱ्हाणपूरला खरं तर नवल नाही. 1615 च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानांच्या काळात, इथे कुंडी भंडारा झाला. सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या भुयारातून, शंभरावर कुंड्यांमधून, नुसत्या उताराच्या जोरावर शहरात आणलं. 2024 मध्ये तो युनेस्कोच्या संभाव्य यादीतही आला. एका कुंडीत गाळ साठला तर पुढच्या सगळ्यांचं पाणी अडतं. आमच्या बोअरवेलचं आणि टाकीचं गणित याहून वेगळं नाही.

आता रजिस्ट्री. ती आईच्या नावावर केली. मध्य प्रदेशात 2021 मध्ये महिलांच्या नावे होणाऱ्या खरेदीचं पंजीयन शुल्क 3 टक्क्यांवरून 1 टक्क्यावर आणलं, तेव्हा हिशेबातही ते बसत होतं. पण खरं कारण ते नव्हतं. जुनं घर आजोबांचं, मग बाबांचं. आईने त्यात चाळीस वर्षं चूल सांभाळली, पण नळाच्या बिलावरही तिचं नाव नव्हतं. पंजीयन कार्यालयात अंगठ्याचा ठसा घेताना बाबूने विचारलं, "मालकिन कौन?" आईने एकदा बाबांकडे बघितलं आणि म्हणाली, "मी. म्हणजे... मैं." बाबा खिडकीबाहेर बघत होते. पण रजिस्ट्रीनंतर नामांतरणाचा अर्ज घेऊन तेच धावले, कारण नोंदीत नाव चढल्याशिवाय काम पुरं होत नाही, हे त्यांना माझ्याआधी माहीत होतं.

इथे तुम्हा तरुण मंडळींसाठी दोन गोष्टी. फ्लॅट आई-वडिलांच्या नावावर असेल तर मृत्युपत्राचं बोलणं टाळू नका. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. भावा-बहिणीत प्रेम आहे तोवर कागद करणं सोपं असतं. आणि तुम्ही परदेशी असाल तर लक्षात ठेवा, अनिवासी भारतीयाला गावी राहतं घर, फ्लॅट घेता येतो, पण शेतजमीन किंवा फार्महाउस विकत घेता येत नाही. म्हणून डायव्हर्शनचा कागद तुम्हाला दुप्पट महत्त्वाचा.

उन्हाळ्यात वरच्या मजल्यावरचे लोक तापतात, तेव्हा दुपारी बायका आमच्या पहिल्या मजल्यावर पापड घेऊन येतात आणि वाळवायला परत गच्चीवर जातात. त्या गच्चीवर, जिथे पाचवा मजला होणार होता. ईदला चाचांकडून शीरखुर्मा येतो, दिवाळीला आईचा चिवडा आठ डब्यांतून जातो, आणि बाबा अजूनही म्हणतात की प्लॉट घ्यायला हवा होता.

तर तुम्ही छोट्या इमारतीत घर बघायला जाल तेव्हा किचनचा ओटा आणि बाथरूमच्या टाइल्स जरूर बघा. पण टोकन देण्याआधी एक रविवार काढा आणि बाकीची घरं कोण घेतंय ते शोधून त्यांच्याकडे चहाला जा. घर एक घेतलं तरी राहायचं आठांत असतं.