रिकामं जातं

आजीने पाणचक्की पाहिली तेव्हा मी आठ वर्षांची होते. तिचे डोळे दाखवायला आम्ही पैठणकडच्या गावाहून एसटीने औरंगाबादला आलो होतो. परतीच्या गाडीला अवकाश होता, म्हणून मामा आम्हांला खाम नदीच्या काठी घेऊन गेला. लांबलचक हौद, उंच भिंतीतून त्यात कोसळणारं पाणी, हौदातले मासे, वर पसरलेला तो अवाढव्य वड. भर वैशाखात अंगावर तुषार येत होते. मी तिथून हलायलाच तयार नव्हते.

आजी मात्र आतल्या लहानशा खोलीत जाऊन उभी राहिली होती. तिथे दोन दगड होते आणि त्यांतला वरचा फिरत होता. त्याला खुंटा नव्हता, खुंट्यावर कुणाचा हात नव्हता. चाळीस वर्षं जात्यावर बसलेली ती बाई पदर तोंडाशी धरून बघत राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "हिला काय पहाटं उठावं लागत नसंल." मग ती वाकली आणि दगडाच्या तोंडाशी नीट पाहून तिचा चेहरा पडला. "दाणा न्हाई गं ह्यात. रिकामं जातं फिरवू न्हाई."

ही दोन वाक्यं मी आजवर बाळगली आहेत.

पाणचक्कीची रचना आपल्या जात्यासारखीच आहे. खालचा दगड स्थिर, वरचा फिरता. खालच्या दगडाच्या मध्यातून एक उभा दांडा वर येतो आणि वरच्या दगडाला धरून ठेवतो. त्याच दांड्याच्या खालच्या टोकाला, जमिनीच्या पोटात, पात्यांचं आडवं चाक असतं. पाण्याचा झोत पात्यांवर आदळला की चाक फिरतं, दांडा फिरतो, दगड फिरतो. रोमन वास्तुकार विट्रुव्हियसने वर्णन केलेल्या चक्कीत चाक उभं असतं आणि त्याची गती दगडापर्यंत न्यायला दातेरी चाकं लागतात. इथे मध्ये काहीच नाही. चाकाचा एक फेरा तोच दगडाचा एक फेरा.

हे सगळं उभं राहिलं ते पाहुण्यांच्या पोटासाठी. बाबा पलंगपोश आणि त्यांचे शिष्य बाबा शाह मुसाफिर हे नक्शबंदी सूफी मध्य आशियातून, बुखाऱ्याच्या बाजूने, दख्खनेत आले. गुरू लष्करासोबत फिरणारे, तर शिष्य औरंगाबादेत तकिया, म्हणजे फकिरांचा मठ, करून राहिलेले. शाह मुसाफिर 1715 मध्ये वारले. त्यांच्यानंतर गादीवर आलेल्या शाह महमूद यांनी दोघांच्या हकिकती फारसीत लिहून ठेवल्या. सायमन डिग्बी यांनी केलेला त्यांचा इंग्रजी अनुवाद 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. तकियात फकीर येत, वाटसरू येत, दूरदेशीचे लोक महिनोन्महिने राहत. इतक्या तोंडांना रोज पीठ लागायचं, आणि ते दळायला पाणी लावलं गेलं. पाणी आणणाऱ्या नहरीचं श्रेय तुर्कताज खानाला आणि हौदाचं जमील बेग खानाला दिलं जातं. त्या हौदाचा तळ म्हणजे खालच्या एका प्रशस्त दालनाचं छत आहे. उन्हाळ्यात डोक्यावर पाणी घेऊन गारव्यात बसायचं! ज्याला हे सुचलं त्याचं नाव मला कुणी सांगावं.

पाणी यायचं शहराच्या उत्तरेकडच्या डोंगरांतून. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खडकीत, म्हणजे पुढच्या औरंगाबादेत, नहर-ए-अंबरी आणली, आणि तीच विद्या पुढच्यांनी गिरवली. डोंगरपायथ्याशी जमिनीत झिरपलेलं पाणी भूमिगत मार्गात गोळा करायचं. तिथून मातीच्या भाजलेल्या नळांतून ते निव्वळ उताराच्या जोरावर शहरापर्यंत न्यायचं आणि शेवटी भिंतीत चढवून वरून सोडायचं. मोट नाही, रहाट नाही, बैल नाही. एवढ्या लांबच्या प्रवासात उतार कुठेही चुकू न देणारे ते कारागीर काय हातांचे असतील!

ग्रीक कवी अँटिपेटरने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी पाणचक्कीचं कौतुक केलं. चक्कीवर राबणाऱ्या पोरींनो, आता कोंबडा आरवला तरी निवांत झोपा, तुमचं काम जलदेवतांवर सोपवलंय, असा त्याच्या कवितेचा आशय आहे. ते प्रथम वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटलं आणि आजी आठवली. त्याचं नाव तिच्या कानावरून कधी गेलं नव्हतं. पण पाण्याने फिरणारा दगड दिसल्यावर दोघांच्याही मनात पहिल्यांदा आली ती पहाट.

आपल्याकडे जात्याची पहाट ओव्यांमुळे फार सुंदर वाटते, आणि ओव्या सुंदर आहेतच. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. बायकांनी इतकं सांगून ठेवलं आहे की ते ऐकायला एक आयुष्य पुरणार नाही. पण गावात गिरणी आली तेव्हा आजी खूश झाली होती. खांदे भरून यायचे, तळहाताला घट्टे पडायचे, बाळंतिणीलाही दळण चुकायचं नाही. पाथरवट टाकी लावायला यायचा, तेव्हा दोन दिवस जातं बंद म्हणून तिला बरं वाटायचं, हे तिनेच मला सांगितलंय. जातं गेल्याचं दुःख तिला नव्हतं आणि तिच्या वतीने मी ते करणार नाही.

पाणचक्की गेल्याचं दुःख मात्र मी करते. तिने बाईच्या खांद्यावरचं ओझं कधीच उतरवलं होतं. त्या बदल्यात तिला एवढंच हवं होतं, की डोंगराने पाऊस धरून ठेवावा आणि माणसांनी मधली वाट मोकळी ठेवावी.

ते आपल्याला जमलं नाही. मोठेपणी मी पुन्हा गेले तेव्हा दगड थांबलेला होता. हौदात पाणी होतं, पण भिंतीतून एक बारीक धारच येत होती. पोरं आईबापांना विचारत होती, की हे फिरतं कसं. चक्की मोडली, असं आपण पटकन म्हणतो. दगडाला काही झालेलं नव्हतं. दगड तासता येतो, दांडा बदलता येतो, पातं नवं बसवता येतं. थांबलं होतं ते पाणी. डोंगरपायथा खोदून, बांधून काढला की झिरपणं कमी होतं. बोअरवेलनी खालचं पाणी उपसलं की नहरीला काय उरणार. नळावर घरं आली, झाडांची मुळं शिरली, गाळ भरला की उरलेलंही वाटेत अडतं. अशा चक्कीला मोटारीने पाणी चढवून फिरवता येईल. पाहुणे खूश होतील, फोटो निघतील. मला मात्र आजीचं दुसरं वाक्य ऐकू येतं.

भरलेली चक्की मी पाहिली ती गढवालात, भिलंगनेच्या खोऱ्यात. तिथे तिला घराट म्हणतात. दगडमातीची ठेंगणी खोपी, मागून येणारा पाट, पुढे पोकळ केलेल्या लाकडाची तिरपी पन्हाळ. आत दगडावर टांगलेल्या टोपलीत गहू होते. टोपलीला बांधलेली एक काठी फिरत्या दगडावर टेकली होती. दगड फिरला की ती टकटक करायची आणि त्या हादऱ्याने चार-चार दाणे तोंडात पडायचे. पाणी जोरात आलं तर दगड वेगाने फिरणार, काठी वेगाने वाजणार, दाणेही जास्त पडणार. घास किती घालायचा ते चक्की स्वतःच ठरवत होती. मी पिठात बोटं घातली. विजेच्या गिरणीतून आलेलं पीठ डब्यात ओततानाही हाताला चटका देतं, हे गार होतं. मालक दळणाची मजुरी पिठातच घेत होता. अनिल जोशी यांच्या हेस्को संस्थेने अशा घराटांत सुधारणा करून त्यांवर वीजही काढून दाखवली आहे. घराट वाचवायचं तर त्याला काम द्यावं लागतं, हे त्या लोकांना कळलं आहे.

डच लोकांनाही ते कळलं आहे, आणि त्यांच्याकडे तर बहुतेक खेळ वाऱ्याचा. एकोणिसाव्या शतकात त्या चिमुकल्या देशात दहा हजारांच्या आसपास चक्क्या होत्या. वाफ आली, वीज आली, आता बाराशेच्या आसपास उरल्या आहेत. त्या वाचवण्यासाठी 1923 मध्ये संस्था निघाली. पण मला जास्त मोलाचं वाटतं ते 1972 चं पाऊल, जेव्हा हौसेने चक्की चालवणाऱ्यांचा संघ उभा राहिला. शिक्षक, कारकून, निवृत्त माणसं शिकतात, परीक्षा देतात आणि सुटीच्या दिवशी शिडं चढवतात, कारण उभी राहिलेली चक्की कुजते. युनेस्कोने 2017 मध्ये वारशाच्या यादीत घेतली ती चक्कीवाल्याची कारागिरी. झान नदीकाठची 'द काट' नावाची पवनचक्की अजूनही चित्रकारांसाठी रंग दळते. आणि युरोपातल्या जुन्या पिठाच्या चक्क्यांत एक घंटा असायची. वरचं धान्य संपत आलं की ती वाजायची, कारण दाण्यावाचून दगडावर दगड घासला तर दोन्ही खराब होतात. हे वाचलं त्या दिवशी मी आजीच्या फोटोसमोर बराच वेळ बसले होते. मी तिच्या त्या बोलण्याला शकुन-अपशकुन समजत आले होते.

गेल्या हिवाळ्यात जुन्या नहरींच्या खुणा शोधणाऱ्या काही तरुणांबरोबर मी शहराबाहेर गेले. तुरीच्या शेतातून, मग एका नव्या वसाहतीच्या कुंपणाकडेने. एका ठिकाणी चुन्याच्या बांधकामाचं चौकोनी तोंड होतं, त्यावर फरशी. दोघांनी ती सरकवली. मी पोटावर पालथी झाले आणि आत डोकं घातलं. गार, ओल्या मातीचा श्वास तोंडावर आला. काही दिसेना. एका मुलाने मोबाईलचा दिवा धरला, तर मी त्याला तो बंद करायला सांगितलं आणि सगळ्यांना गप्प राहायला.

खाली बारीकसा आवाज होता. साचलेल्या पाण्याला आवाज नसतो. हे चाललं होतं, शहराच्या दिशेने.

"काकू, आता झाकूया, अंधार पडतोय," मुलगा म्हणाला.

"थांब रे थोडं," मी म्हटलं.