निदान

आमचे घर सुप्याला, नगर-पुणे रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. येथे औद्योगिक वसाहत झाल्यापासून रात्रभर मालमोटारींची रीघ असते. एखादी जड मोटार गेली, की फडताळातली भांडी किणकिणतात. मला त्याची इतकी सवय झाली आहे, की भांडी वाजली नाहीत तरच जाग यावी! माझ्या पत्नीचे मात्र तसे नाही. आठवड्यातून दोन-तीनदा पहाटेच्या सुमारास ती दचकून उठते, दिवा लावते आणि भिंतीकडे पाहत बसते.

लग्नाला अठरा वर्षे झाली. एवढ्या काळात मी केलेला उपचार एकच : "अगं, स्वप्न होतं ते. पाणी पी, आणि आधी तो दिवा बंद कर बरं!" आमच्या आईने मीठमोहऱ्या ओवाळल्या, उशाखाली अडकित्ता ठेवला. मी पडलो मराठीचा प्राध्यापक. मी चरकाचा दाखला दिला. चरकसंहितेत स्वप्नांचे सात प्रकार सांगितले आहेत. पाहिलेले, ऐकलेले, अनुभवलेले, इच्छिलेले, कल्पिलेले, पुढचे सुचविणारे आणि दोषांमुळे पडणारे. पैकी पहिल्या पाचांना फळ नसते. "तेव्हा भिण्याचं कारण नाही," मी म्हणालो.

"फळाला कोण भितंय? मला स्वप्नाचीच भीती वाटते," ती म्हणाली.

यावर उत्तर नव्हते. मी कूस बदलली.

पुढे पुढे ती झोपायलाच भिऊ लागली. रात्री बारा वाजले तरी काही ना काही काम काढून बसे. एके दुपारी गॅसवर दूध ठेवले आणि उभ्या उभ्या तिला डुलकी लागली. त्या दिवशी मला जाग आली म्हणायची! नगरच्या एका मानसोपचारतज्ज्ञांकडे आम्ही गेलो.

मला वाटले होते, पाच मिनिटांत गोळ्या मिळतील. डॉक्टरांनी तास घेतला. जाग किती वाजता येते? लगेच भान येते का? स्वप्न आठवते का? रक्तदाबाची वा दुसरी काही औषधे चालू आहेत का? प्रत्येक प्रश्नामागे एक फाटा होता. झोप लागल्यावर पहिल्या काही तासांतच किंचाळून उठणारा, ज्याला सकाळी काहीच आठवत नाही, त्याचा आजार वेगळा. स्वप्नाबरोबर हातपाय झाडून शेजारच्याला मारणारा, त्याचा वेगळा. काही औषधांनीही भयंकर स्वप्ने पडतात. पण रात्रीच्या उत्तरार्धात जाग येणे, क्षणात भान येणे आणि स्वप्न जसेच्या तसे आठवणे, हे दुःस्वप्नांच्या विकाराकडे बोट दाखवते.

मग त्यांनी विचारले, "काय दिसतं स्वप्नात?"

तिने एकदा माझ्याकडे पाहिले आणि सांगायला सुरुवात केली.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपतीचे विसर्जन झालेले. पहाटे चारला काही मिनिटे असताना लातूर आणि उस्मानाबाद (आजचे धाराशिव) जिल्ह्यांत भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो माणसे गेली. किल्लारीजवळच्या एका खेड्यात अकरा वर्षांची ही मुलगी आजीच्या कुशीत झोपली होती. ही वाचली, आजी गेली. एवढे मला ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते हे, की स्वप्नात आजी जिवंत असते. जमीन गुरगुरते, अंगावर माती पडू लागते, आजी म्हणते, "पोरी, दिवा लाव गं," आणि हिला काडेपेटी सापडत नाही.

अठरा वर्षे मी दिवा बंद करायला सांगत होतो!

डॉक्टरांनी आणखी विचारले. दिवसाही ते सारे डोळ्यांपुढे येते का? गावाकडे जाणे टाळता का? त्या विषयावर बोलणे नकोसे होते का? तसे असते, तर हा आघातानंतरच्या मानसिक विकाराचाच एक भाग ठरला असता. पण ती दरवर्षी माहेरी जाते, भूकंपाच्या गोष्टी मुलांना सांगते. त्रास रात्रीचा, आणि त्याने मोडलेल्या दिवसाचा.

पंधरा दिवसांची नोंदवही ठेवायची होती. लेखनिक अर्थात मी. पहिली नोंद मी 'काळरात्रीच्या गर्भातून' अशी सुरू केली. डॉक्टर हसून म्हणाले, "सर, साहित्य नको, वेळ लिहा." मग मी लिहू लागलो : निजली ११.४०, जाग ४.१०, पुन्हा झोप नाही, दिवसा डोके जड. इतकी कोरडी वाक्ये मी जन्मात लिहिली नव्हती, आणि इतकी खरीही.

अखेर कागदावर उमटले : एफ ५१.५. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या दहाव्या यादीतला हा दुःस्वप्नांचा क्रमांक. 'एफ' म्हणजे मनाच्या व वर्तनाच्या विकारांचे प्रकरण, हे कळताच तिचा चेहरा उतरला. "म्हणजे मी वेडी का हो?" डॉक्टर म्हणाले, "मुळीच नाही. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या यादीत झोपेच्या विकारांना स्वतंत्र प्रकरण दिलं आहे. तिथे तुमचा क्रमांक ७बी०१.२." शब्दांवर पोट भरणाऱ्या मला त्या दिवशी आकड्यांचा आधार वाटला. यादीत क्रमांक आहे, त्या अर्थी हे दुखणे तिच्या एकटीचे नव्हे, आणि ते 'मनाचे खेळ' तर नव्हेच.

उपचार ऐकून तर मी चकितच झालो. जागेपणी स्वप्न लिहून काढायचे, त्याचा शेवट आपल्याला हवा तसा बदलायचा आणि रोज दहा-वीस मिनिटे ते नवे स्वप्न डोळ्यांपुढे आणायचे. तिने लिहिले : काडेपेटी सापडते, दिवा लागतो, आम्ही दोघी अंगणात येऊन बसतो. मी आयुष्यभर मुलांचे निबंध दुरुस्त केले; या लेखनात मात्र एक अनुस्वारही बदलण्याचे धाडस झाले नाही.

स्वप्न अजिबात थांबलेले नाही. पण आठवड्याचे आता महिन्या-दीड महिन्यावर गेले आहे. 'निदान' या शब्दाचे दोन अर्थ मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो : रोगाची ओळख, आणि 'कमीत कमी'. कमीत कमी विचारायचे तरी होते, एवढे घरच्या घरी मला अठरा वर्षांत जमले नाही.

परवा पहाटे भांडी किणकिणली. ती उठून बसली. मीच उठून दिवा लावला आणि विचारले, "काय दिसलं?"

"आजी होती. अंगणात," ती म्हणाली आणि पुन्हा झोपी गेली.

दिवा मी बराच वेळ तसाच ठेवला.