काल समोर, उद्या सोबत

हिवरा आश्रमाहून परतल्यापासून भेटेल त्याला मी एकच गोष्ट सांगत सुटलो आहे. घरचे ऐकून ऐकून कंटाळले, आता वाचकांची पाळी!

मेहकर-चिखली रस्त्यावरचं हे गाव बुलढाणा जिल्ह्यात घाटावर येतं. शुकदास महाराजांनी उभारलेला विवेकानंद आश्रम, विवेकानंद जन्मोत्सवातली लाखोंची पंगत, कोराडी जलाशयातलं स्मारक हे सगळं ऐकून होतो, तेच पाहायला गेलो होतो. पाहिलं, भारावलोही. पण संध्याकाळी मैदानाच्या कडेला उभा राहिलो आणि तिथं जे हाती लागलं, त्यानं बाकी सगळं मागे टाकलं.

कृषी महाविद्यालयाच्या मुली खो-खोचा सराव करत होत्या. फक्कीनं आखलेलं मैदान, दोन टोकांना दोन खांब, मधल्या पाटीवर आठ जणी आळीपाळीनं उलटसुलट तोंडं करून बसलेल्या आणि नववी धावणारीच्या मागे. पळणारी मुलगी साखळी पळत होती, म्हणजे बसलेल्यांच्या मधून नागमोडी. पाठलाग करणारीला मात्र मधली पाटी ओलांडता येत नाही, एकदा धरलेली दिशा बदलता येत नाही. म्हणून तिनं धावता धावता बसलेलीच्या पाठीवर हात टेकवला, कडकडून "खो!" म्हटलं आणि बसलेली बाणासारखी सुटली. तेवढ्यात शिट्टी! उठणारी 'खो' मिळण्याआधी अर्धा पळ हलली होती. फाऊल. सगळं थांबलं. पुन्हा तीच जागा, पुन्हा तोच हात, पुन्हा तोच खो. अंधार पडेपर्यंत त्या एका क्षणावर त्यांची मेहनत चालू होती. आवाज आधी, उठणं नंतर. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पटणार नाही इतकी ती बारीक गोष्ट!

पाणी प्यायला बाजूला आलेल्या एकीला विचारलं, "सामना कुणाशी आहे गं?"

"आता साऱ्यायशीच, काका," ती म्हणाली. "अकोला, नागपूर, अमरावती, वरोरा... आन् एकदा का कलर भेटला, मंग त्यायच्याच संगं खेळाचं!"

ती हसली आणि पुन्हा पाटीवर जाऊन बसली. मी मात्र तिच्या शेवटच्या वाक्यापाशीच अडकलो. आज ज्यांच्याशी झुंजायचं, उद्या त्यांच्याच सोबत खेळायचं? ही काय व्यवस्था आहे? मग मी तिथल्या क्रीडा शिक्षकांना गाठलं, नंतर मिळेल ते वाचत सुटलो, ओळखीच्या जुन्या खेळाडूंना फोन लावले. आणि जे जे उलगडत गेलं, त्यानं अक्षरशः झपाटून टाकलं.

ऐका. हिवरा आश्रमाचं विवेकानंद कृषी महाविद्यालय अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाशी संलग्न आहे. हे विद्यापीठ २० ऑक्टोबर १९६९ रोजी स्थापन झालं आणि त्याचा पसारा विदर्भाच्या अकराही जिल्ह्यांत आहे. म्हणजे विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा भरतात तेव्हा एका मैदानावर कोण कोण येतं पाहा! १९०६ साली सुरू झालेलं नागपूरचं कृषी महाविद्यालय येतं. पंजाबराव देशमुखांच्या शिवाजी शिक्षण संस्थेचं अमरावतीचं कृषी महाविद्यालय येतं. बाबा आमट्यांच्या आनंदवनातलं, वरोऱ्याचं आनंद निकेतन येतं. पार पलीकडच्या टोकाचं गडचिरोलीचं सोनापूर येतं. कपाशी-सोयाबीनच्या काळ्या रानातली पोरं आणि धानाच्या बांध्यांतली पोरं एका मैदानावर! सेवेच्या भावनेतून उभ्या राहिलेल्या दोन संस्था, हिवरा आश्रम आणि आनंदवन, खेळाच्या एका वेळापत्रकात समोरासमोर येऊ शकतात, हे ऐकून मला काय वाटलं असेल!

आणि गंमत म्हणजे जवळच्याच मेहकरातल्या कला-वाणिज्य महाविद्यालयाची मुलं दुसऱ्याच छताखाली खेळतात. त्यांचं विद्यापीठ अमरावतीचं, संत गाडगेबाबांच्या नावाचं. १९८३ साली नागपूर विद्यापीठातून ते वेगळं झालं आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम अशी पश्चिम विदर्भाची कॉलेजं त्याच्याकडे आली. बुलढाण्याचं जिजामाता, खामगावचं जी. एस., चिखलीचं शिवाजी, देऊळगाव राजाचं व्यंकटेश, शेगावचं गजानन महाराज अभियांत्रिकी, घाटावरची आणि घाटाखालची ही सगळी त्यात. एकाच तालुक्यातले दोन मित्र, एक शेतकी शिकतो, दुसरा बी. ए. करतो; दोघांच्या छातीवर वेगवेगळ्या विद्यापीठांची नावं. मग त्यांची गाठ पडायची कधी? तर पडते! राज्यपालांच्या पुढाकारानं १९९७ पासून महाराष्ट्रात आंतरविद्यापीठ क्रीडा महोत्सव भरतो, 'अश्वमेध' म्हणून तो ओळखला जातो. तिथं मुंबई-पुण्याची मोठी विद्यापीठं आणि कृषी विद्यापीठं एका रांगेत उभी राहतात. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, बास्केटबॉल, मैदानी खेळ. अकोल्याचा संघ पुण्याशी खेळतो, राहुरीचं कृषी विद्यापीठ मुंबईशी!

आता त्या मुलीचं वाक्य पुन्हा वाचा. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत हिवरा वरोऱ्याविरुद्ध खेळतं, जीव तोडून खेळतं. पण कडेला बसलेली निवड समिती नुसतं कोण जिंकलं एवढंच पाहत नाही, कोण कसं खेळलं हेही टिपत असते. हरलेल्या कॉलेजातली एखादी चपळ पोरगीही विद्यापीठाच्या संघात निवडली जाते, यालाच 'कलर मिळणं' म्हणतात. मग सगळ्या कॉलेजांतून वेचलेल्या या मुली एका शिबिरात येतात, एका खोलीत राहतात, एकच जर्सी घालतात. काल जिनं आपल्याला सूर मारून बाद केलं, तिचाच खो पाठीवर घ्यायचा आणि उठायचं! या एका गोष्टीसाठी मी ही व्यवस्था डोक्यावर घेऊन नाचायला तयार आहे. भांडण लावून देणाऱ्या स्पर्धा जगात कमी नाहीत. भांडून झाल्यावर एकत्र आणणारी स्पर्धा किती मोलाची!

पुढची पायरी देशाची. भारतातल्या विद्यापीठांचं एक मंडळ १९२५ साली स्थापन झालं. १९४०-४१ पासून त्यानं खेळांची धुरा खांद्यावर घेतली आणि १९७३ पासून ते भारतीय विद्यापीठ संघ म्हणून ओळखलं जातं. सांघिक खेळांसाठी देशाचे चार विभाग. आपण पश्चिम विभागात, गुजरात, राजस्थान, मध्यप्रदेश, गोव्याच्या जोडीला. विभागातले वरचे संघ अखिल भारतीय फेरीत जातात. २०२० साली भुवनेश्वरला सुरू झालेल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धांची वाटही याच निकालांवरून जाते. कृषी विद्यापीठांसाठी तर भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची वेगळी देशव्यापी स्पर्धाही आहे. हिवऱ्याच्या पाटीवर बसलेल्या त्या मुलीसमोर एक नाही, इतक्या वाटा!

आता मला सगळ्यात जास्त हलवून सोडणारी गोष्ट सांगतो. कॉलेजांनी एकत्र येऊन खेळांची शिस्त लावायची, ही कल्पना अमेरिकेत कुठं आकाराला आली? शिकागोत! होय, त्याच शिकागोत, जिथं ११ सप्टेंबर १८९३ ला विवेकानंद सर्वधर्म परिषदेत बोलायला उभे राहिले. त्यानंतर सोळा महिन्यांनी, ११ जानेवारी १८९५ ला, त्या सभागृहापासून हाकेच्या अंतरावरच्या पामर हाऊस हॉटेलात सात विद्यापीठांचे प्रमुख जमले. पर्ड्यू विद्यापीठाचे जेम्स स्मार्ट यांनी ही बैठक बोलावली होती. तेव्हा कॉलेजच्या फुटबॉलमध्ये धसमुसळेपणा माजला होता, पैसे देऊन बाहेरचे गडी आणले जात होते. त्या प्रमुखांनी ठरवलं की जो खरोखर शिकतो आहे आणि अभ्यासात मागे नाही, तोच कॉलेजकडून खेळेल. १८९६ साली त्यातून जी संघटना उभी राहिली, तीच आज 'बिग टेन' म्हणून ओळखली जाते.

ज्या शहरानं जगाला विवेकानंद ऐकवले, त्याच शहरात विद्यार्थी-खेळाडूचा हा नियम ठरावा, आणि सव्वाशेहून अधिक वर्षांनी मी विवेकानंदांच्याच नावाच्या महाविद्यालयात उभा राहून तोच नियम एका कागदावर वाचावा! कारण क्रीडा शिक्षकांनी मला प्रवेशिकेचा नमुना दाखवला. खेळाडूचा फोटो, जन्मतारीख, बारावी कधी झाली ते साल, सध्याचा वर्ग, मागच्या परीक्षेचा तपशील आणि खाली प्राचार्यांची सही-शिक्का. सोबत ओळखपत्र आणि दहावीची सनद. नियमित विद्यार्थी हवा, वय सतरा ते पंचवीसच्या आत हवं. वरवर पाहता रुक्ष कागद! पण त्याचा अर्थ केवढा मोठा आहे! इथं कुणी विकत घेतलेला गडी उतरणार नाही. सकाळी प्रक्षेत्रावर प्रात्यक्षिक करणारी, दुपारी तास बसून ऐकणारी पोरगीच संध्याकाळी खांबाला वळसा घालून धावणार. विवेकानंदांनीही १८९७ च्या मद्रासच्या व्याख्यानात तरुणांना आधी बळकट व्हायला सांगितलं होतं, गीतेच्याही आधी फुटबॉलचं नाव घेतलं होतं. तो आग्रह आणि हा नियम एका मैदानावर भेटतात, तेव्हा शिक्षण पुरं होतं असं मला मनापासून वाटतं.

या व्यवस्थेनं आपल्याला दिलं काय? क्रिकेटचं पाहा. विद्यापीठांची रोहिंटन बारिया करंडक स्पर्धा १९३५-३६ ला सुरू झाली. मुंबई विद्यापीठाकडून खेळताना अजित वाडेकरांनी तीत ३२४ धावांची खेळी केली. तो विक्रम मोडला त्याच विद्यापीठाच्या सुनील गावसकरांनी, ३२७ धावा करून. आणि १९७१ साली हे दोघं वेस्ट इंडीजला एकत्र गेले, वाडेकर कर्णधार, गावसकर नवखे. नवख्यानं पहिल्याच मालिकेत ७७४ धावा कुटल्या आणि भारतानं तिथं पहिल्यांदा मालिका जिंकली. विद्यापीठाच्या मैदानावरून निघालेली वाट कुठवर गेली पाहा!

क्रिकेट शहराचं म्हणाल, तर नाशिकची संजीवनी जाधव घ्या. २०१७ साली तैपेईत झालेल्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत तिनं दहा हजार मीटरमध्ये रौप्यपदक मिळवलं. या जागतिक स्पर्धा १९५९ ला ट्युरिनमध्ये सुरू झाल्या. २०२३ ला चीनमधल्या चेंगदूत भारतानं त्यात ११ सुवर्णांसह २६ पदकं आणली. त्याआधीच्या सगळ्या स्पर्धांत मिळूनही आपली एवढी पदकं नव्हती! म्हणजे ही वाट नुसती आहे असं नाही, ती आत्ता, आपल्या डोळ्यांदेखत रुंद होते आहे.

आणि वऱ्हाडच्या मातीला तर खेळाचं जुनं वेड. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या चमूनं तिथं जाऊन आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली! १९६७ पासून मंडळाचं शारीरिक शिक्षण महाविद्यालय चालू आहे आणि तिथून शिकून गेलेले क्रीडा शिक्षक गावोगावच्या कॉलेजांत शिट्टी घेऊन उभे आहेत. आपल्या बुलढाण्याचाच प्रथमेश जावकर २०२३ साली शांघायच्या विश्वचषकात तिरंदाजीचं सुवर्ण घेऊन आला आणि त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात होता. खो-खोचा पहिला विश्वचषक २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत झाला, तेव्हा भारताच्या दोन्ही विजेत्या संघांचं नेतृत्व महाराष्ट्राच्या प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर यांच्याकडे होतं. हिवऱ्याच्या पाटीवर रोज संध्याकाळी जो खेळ चालतो, तोच हा खेळ!

म्हणून सांगतो, ही पोरं पदक आणोत न आणोत, या स्पर्धांचं काम त्याहून मोठं आहे. बहुतेक मुली पुढे कृषी अधिकारी होतील, बँकेत जातील, स्वतःची शेती करतील. पण आयुष्यात कधीतरी त्या बसनं वरोऱ्याला गेलेल्या असतील, सोनापूरच्या मुलीसोबत एका ताटात जेवलेल्या असतील, हरून तिच्याशी हात मिळवलेला असेल आणि पुढच्या महिन्यात तिच्याच शेजारी पाटीवर बसलेल्या असतील. विदर्भ नावाचा नकाशा त्यांच्यासाठी माणसांनी भरलेला असेल. हे कोणत्या पुस्तकातून शिकवणार?

एवढं सगळं आपल्या अंगणात चालू असताना मैदानाच्या कडेला बघे किती असतात? पंच, व्यवस्थापक, राखीव खेळाडू आणि चार मित्र. हे बदलायला हवं, आणि ते आपल्याच हातात आहे. तुमच्या तालुक्याच्या कॉलेजात आंतरमहाविद्यालयीन सामने भरले की जा. मुलांना घेऊन जा. मुलगी खेळते म्हणून कुरकुर करणाऱ्या आई-बापांना तर हाताला धरून न्या. माजी विद्यार्थी असाल तर बुटांचे चार जोड, एक जाळं, एखाद्या मुक्कामाचं जेवण एवढं तरी कॉलेजला द्या. आणि सामना रंगला की कोणत्याही एका संघाच्या बाजूनं ओरडू नका, दोन्ही बाजूंनी ओरडा. त्यातल्या कोण कोण पुढच्या महिन्यात एका संघात असतील, हे अजून कुणालाच ठाऊक नसतं.